शेडातले चार हजार

बापूसाहेबांच्या क्लासचे चार हजार विद्यार्थी पत्र्याच्या शेडात राहत होते. म्हणजे त्यांचे मार्क राहत होते. भूकंपाला तेवीस वर्षं झाली, तरी बापूसाहेबांचा स्लॅबवर विश्वास नव्हता. लातुरातल्या त्या तीन मजली क्लासमध्ये सर्व्हर ऑफिसातच राहिला, पण डेटाबेसच्या फाइली त्यांनी अंगणातल्या शेडात, डिस्कच्या वेगळ्या डब्यात ठेवायला लावल्या. दोहोंना जोडणारी केबल अंगणावरून ताणली. स्लॅब कोसळला तरी पोरांचे मार्क वाचले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. पोरांचं काय, हे धम्मप्रियानं विचारलं नाही.

किनवटहून आलेली धम्मप्रिया क्लासचे कॉम्प्युटर सांभाळायची. शेडाशी जोडणी नसेल तर डेटाबेस सुरूच व्हायचा नाही, अशी अट तिनं घातली होती. नाहीतर ऑफिसातल्या रिकाम्या फोल्डरलाच आपलं घर समजून तो कोरा संसार मांडेल, हे तिनं दोनदा समजावलं. पण पालकांसमोर आपलं मशीन ‘नाही’ म्हणतं, हे बापूसाहेबांना खपेना. त्यांनी समोर उभं राहून ती अट काढायला लावली.

रविवारी चाचणीचा निकाल हॉलमधल्या टीव्हीवर लागायचा होता. नेमका त्या सकाळी शिवप्पाचा पाण्याचा टँकर अंगणात शिरला आणि केबल तोडून पुढे गेला. मशीन अडकलं. बापूसाहेबांनी स्वतः बटण बंद करून चालू केलं, आणि मशीन अगदी गुणी पोरासारखं सुरू झालं.

मार्क भरणाऱ्या गंगम्मानं गठ्ठ्यातला वरचा पेपर घेतला. साहेबांच्या नातवाचा पेपर नेहमी वरच ठेवायची तिथं रीत होती. मशीनमध्ये त्याचं नाव सापडेना, म्हणून तिनं ते नव्यानं घातलं. टीव्हीवर झळकलं, पहिला क्रमांक, अंबरीश. बापूसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच सुनेला फोन लावला, आणि विशाखा उदगीरहून आलेल्या वडलांना घेऊन पेढ्यांसकट निघाली.

मग पालकांनी दुसरा क्रमांक विचारला. दुसरा नव्हताच.

हॉल पेटला. बापूसाहेबांनी धम्मप्रियासमोर लेखी खुलासा सरकवला. चूक तिची, असं त्यात टाइप केलेलं होतं.

“सही कर. न्हाई तर उद्यापासून येऊ नको.”

“न्हाई करणार,” धम्मप्रिया म्हणाली. तिला राग आला होता आणि तिनं तो लपवला नाही. “सर, भूकंपानंतर भिंती तपासल्याबिगर तुमी घरात पाऊल टाकलं का? मग मशीननं का टाकायचं?”

ती उन्हात गेली, नवी केबल जोडली, काढलेली अट परत घातली आणि तसं त्यांना सांगितलंही. ते टीव्हीकडे बघत नुसतं “हं” म्हणाले. चार हजार पोरं परत आली. मार्क भरून झाले, तेव्हा अंबरीश तीन हजार आठशे अकरावा होता.

तेवढ्यात फाटकापाशी रिक्षा थांबली. बापूसाहेब हळूच जवळ आले.

“पाच मिनटं केबल काढता येती का गं? व्याही आल्यात.”

धम्मप्रियानं खुलाशातलं आपलं नाव खोडून त्यांचं लिहिलं आणि कागद पुढे केला. त्यांनी न वाचता सही ठोकली. तिनं केबल उपटली. बापूसाहेबांनी घाईनं बटण बंद करून चालू केलं.

टीव्हीवर एकच ओळ आली. शेडाशी जोडणी नाही, सुरू होणार नाही.

“केबल तर मी काढली, सर,” धम्मप्रिया म्हणाली. “मशीन ऐकून न्हाई राहिलं.”

दारात विशाखा पेढ्यांचा बॉक्स उघडून उभी होती. धम्मप्रियानं सहीच्या कागदाची घडी पर्समध्ये टाकली आणि जाता जाता एक पेढा उचलला.