दोन नंबर आणि गजभियेकाका

गजभियेकाका रोज सकाळी यंत्राला ‘जयभीम’ घालायचे. मग हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढून त्याचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. सेफ्टीवाला लांबून ओरडायचा, “गजभिये, इअरप्लग!” काका डोळे न उघडता हात वर करायचे. थांब, पेशंट तपासतोय.

पेशंट म्हणजे मस्कतबाहेरच्या आमच्या वीजकेंद्राचं युनिट नंबर दोन. गॅसवर चालणारं, माझ्याहून वयाने मोठं. मी तिथे ऑफिसात कागदपत्रं सांभाळते. वादी अदाई या आमच्या वस्तीतून कंपनीच्या बसने आम्ही एकत्रच जायचो.

काका उमेदवारीत चंद्रपूरला, कोळशाच्या वीजकेंद्रात घडलेले. गॅसवरची यंत्रं म्हणजे त्यांच्या लेखी लाडावलेली पोरं. “कोळसा खाऊन दाखव म्हणावं! राख झाडता झाडता जीव जाते.” स्क्रूड्रायव्हर सुट्टीतही सोबत. आमच्या फ्रिजला लावून झाला, खालच्या मल्याळी बाईंच्या मिक्सरला लावून झाला. बसने गिअर बदलला की ते टोक बसच्या फरशीवर टेकवून ड्रायव्हरला निकाल सांगत. एकदा एका वाढदिवसाला यजमान नवरा-बायको कडाकडा भांडले. काका केक खात म्हणाले, “बेअरिंग दोघांचंही चांगलं आहे. अलाइनमेंट गेली.”

मी चळवळीच्या पत्रकांच्या घरातली. बाबा छापायचे, मी घड्या घालायचे. अन्याय दिसला की माझा हात कागदाकडे जातो. जुनी युनिटं काढून नवी बसवायची ठरली आणि त्यांच्याबरोबर जुन्या माणसांनाही निरोपाचं घड्याळ आणि परतीचं तिकीट द्यायचं ठरलं, तेव्हा मी दोन पानी निवेदन लिहिलं. बसमध्ये काकांना तावातावाने वाचून दाखवलं.

“काहून ओरडून राहिली? ऐकून घे आधी,” काका म्हणाले. “दोन नंबरला धाप लागते. गॅस जास्त खाते, वीज कमी देते. नवी आलीच पाहिजे.”

“आणि तुम्ही?”

“मीही आता तसाच, पोरी. खातो जास्त.”

“म्हणजे काही मागायचंच नाही?”

“माग ना. बंद करताना मला तिच्याजवळ उभं राहू द्या, म्हणावं. एवढंच लिही. आणि दुपारी एकला करा म्हणावं.”

नियम असा, की शेवटचं बंद करताना हॉलमध्ये कुणीही थांबायचं नाही. माझी दोन पानं एका ओळीवर आली. शिफ्टप्रमुख सालिम काकांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग सही करत म्हणाला, “यल्ला, चलो, गजभिये. लेकिन इअरप्लग!”

एक वाजता सालिमने कंट्रोल रूममधून दोन नंबर बंद केलं. मी काचेच्या दारातून बघत होते. काकांनी एका कानात इअरप्लग घातला, दुसऱ्याला स्क्रूड्रायव्हर लावला. आवाज हळूहळू उतरत गेला. सगळं शांत झाल्यावरही ते तसेच उभे होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “एक वाजताच का, काका?”

ते दाराबाहेरच्या पायरीवर बसले. “शोभाला याच वेळी, इथूनच फोन करायचो. ती इकडे कधी आली नाही, पण फोनवर माझ्या मागून हिचा आवाज ऐकायची. ‘आज तुमची दोन नंबर घरघरते,’ म्हणायची. जाऊन पाहावं, तर खरंच बेअरिंग तापलेलं.”

शोभाकाकू जाऊन दोन वर्षं झाली होती. काका तरीही रोज एकला त्या पायरीवर बसत. मला वाटायचं, डबा खायला.

“इथे शोभाला ओळखणारी ही एकच होती,” काका म्हणाले.

परतताना वादी अदाईच्या चढावर बसचा गिअर जोरात खरखरला. सवयीने सगळी बस काकांकडे वळली. ड्रायव्हरनेही आरशात पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते. रुमालात गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर त्यांच्या मांडीवर होता.