करकचून आवळलेली पाचशे काडतुसं

दुकानातलं काडतूस मी अकरा वर्षांत विकत घेतलेलं नाही. सगळी घरी भरतो! मॉन्टानात अशा माणसाकडे लोक आदराने बघतात. निदान मी तसं धरून चालतो.

वहीतली नोंद, रविवार: पिस्तुलाची पाचशे काडतुसं भरली. शिशाच्या गोळ्या, वरून तांब्याचा मुलामा. काडतुसांची तोंडं करकचून आवळली. शनिवारची नेमबाजीची स्पर्धा खिशात!

सोमवारी माझा मेहुणा रस याला दिपवायला मैदानावर नेलं. दहा बार काढले. रस कागदी लक्ष्यापाशी गेला तो परत येईना.

"दाजी, इकडे या. ही भोकं गोल नाहीत हो, लांबट आहेत. तुमच्या गोळ्या आडव्या होऊन गेल्यात. लोळत लोळत!"

"वारा आहे."

"वीस पावलांत?"

मुलामा असतो कांद्याच्या पापुद्र्याएवढा. मी इतकं आवळलं होतं, की काडतुसाच्या पितळी कडेने तो गोल कापला गेला आणि गोळ्या सरळ जाईनात. असं करू नये, हे माझ्या पुस्तकात पहिल्याच पानावर ठळक छापलंय. पण पहिलं पान नवशिक्यांसाठी असतं!

आता एकेक गोळी उपटायची. त्यासाठी हातोडीसारखं अवजार असतं. त्याच्या डोक्यात काडतूस अडकवायचं, अवजार ओंडक्यावर आपटायचं, गोळी निसटून अवजाराच्या पोटात पडते, मग ते पोट ओंडक्यावरच रिकामं करायचं. म्हणे दोन-तीन ठोके पुरतात. माझ्या आवळण्याला चौदा लागले. चारशे नव्वद गुणिले चौदा... गणित मी अर्ध्यात सोडलं.

मंगळवार. ठक. ठक. ठक.

बुधवार. ठक.

शेजारच्या बर्निस आजी कुंपणापलीकडून (ठक) कान देऊन ऐकत होत्या आणि त्यांनी ठरवून टाकलं (ठक) की मी अखेर ओट्याची पायरी (ठक) दुरुस्त करतोय.

पायरीचं सांगायला हवं. आमच्या दारापुढच्या लाकडी ओट्याची तिसरी पायरी चार वर्षांपूर्वी सासूबाईंच्या पायाखाली मोडली. "पायरी झाली की बोलवा, जावईबापू," म्हणून गेल्या त्या आजतागायत आल्या नाहीत. मलाही घाई नव्हती!

गुरुवारी माझी बायको मार्लिस कामावरून आली ती डोळे पुसतच.

"बर्निस आजींनी सांगितलं सगळं! तीन दिवस खपतोयस, आणि मला चकार शब्द नाही?"

"अगं, ते..."

"आईला फोन केला. रडली बिचारी. शनिवारी सकाळी नऊला येतेय. तोवर मी मागच्या दारानेच ये-जा करणार. ओट्याकडे बघणारसुद्धा नाही, एकदम तयार झाल्यावरच!"

चार वर्षांत तिने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. त्या क्षणी खरं बोलायला शूर माणूस लागतो. मी फक्त काडतुसं भरतो.

शुक्रवार. तुम्ही म्हणाल, अरे, एक फळी आण! आणणारच होतो. फक्त आणखी वीस गोळ्या उपटून. मग आणखी वीस.

शनिवार, नऊला पाच कमी. फाटकाशी गाडी थांबली.

ज्यावर चार दिवस ठोकत होतो तो ओंडका मी उचलला, धावलो आणि मोडक्या पायरीच्या जागी ठोसून बसवला. मापाचा निघाला! असा बसला, की मलाच हलेना.

सासूबाई काठी टेकत आल्या. पहिली पायरी. दुसरी. मग ओंडका. त्यांनी वर उभं राहून पाय आपटून पाहिला.

"चार दिवस ठोकाठोक," त्या म्हणाल्या, "आणि हे एवढंच?"

"भक्कम आहे, आई."

"ते दिसतंय. पण त्यावर हे खळगे कसले?"

मार्लिसने वाकून पाहिलं. एका भेगेतून एक तांबडी गोळी नखाने उकरून काढली. गोळीच्या कमरेला कापल्याची गोल रेघ होती. मार्लिसने रेघ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"स्पर्धा किती वाजता?"

"अकराला."

"जा. येताना फळी घेऊन ये. खिळेही."

सासूबाई मात्र तोवर घरात पोचल्या होत्या आणि कॉफी मागत होत्या. चार वर्षांनी!

ओंडका पायरीत, उरलेल्या गोळ्या अजून काडतुसांतच. वाटेत दुकानाशी थांबावंच लागलं.

"दाजी, विकतचं खोकं?" रस ओरडला. सगळं मैदान वळलं.

"मित्राचं आहे."

"पावतीवर तुमचं नाव आहे."

आजवर स्पर्धेत मी कधी एकविसाव्या नंबराच्या वर गेलो नव्हतो. त्या दिवशी दुसरा आलो. वहीत ही नोंद सापडणार नाही. पान संपलं होतं!