लंबकाला टांगलेले मापकाका

पायजम्याची नाडी एरवी कधीही तुटते. तुटायला हवी असते तेव्हा मात्र दोरखंड होते.

व्यायामाच्या सायकलवर ओले टॉवेल फार छान वाळतात.

जेवताना, पेपर वाचताना आणि डुलकी काढतानासुद्धा मिनिटाला मोजून एकोणसाठ पावलं चालणारा माणूस गेल्या शुक्रवारपर्यंत जगात झाला नव्हता.

"घड्याळाशी काय भांडताय?"

लंबकाला वजनाशी काही देणंघेणं नसतं.

यातलं शेवटचं वाक्य मापकाकांचं. बाकीची त्यांच्यावर ओढवलेली.

मापकाका म्हणजे वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. चाळीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले. ते गल्लीत शिरले की काटे आपोआप सरळ व्हायचे आणि दुकानदार वाकडे! निवृत्तीनंतर तपासायला घर उरलं आणि घरात उरल्या काकू. चहा कपात किती बोटं आहे, पोळपाटाचा एक पाय किती आखूड आहे, कपडे वाळत घालताना चिमट्यांमधलं अंतर सारखं का नाही! काकू ऐकून घ्यायच्या आणि चिमटे मनाला येतील तिथे लावायच्या. सत्तेचाळीस वर्षांचा संसार असाच होतो.

पण सत्तरी उलटली की तपासणाऱ्याचीच तपासणी सुरू होते. लेकीने बापाच्या गळ्यात एक यंत्र अडकवलं. दिसायला कोटाच्या बटणाएवढं, तोंड मात्र पंचायतीएवढं. माणूस पडला, आडवा झाला, की ते किंचाळायचं. दिवसा अर्धा तास हललं नाही, तरी किंचाळायचं. मग कंपनीतली एक मुलगी त्याच यंत्रातून गोड आवाजात विचारायची, "काका, पडलात का?" आणि तिकडे लेकीच्या मोबाइलवर लाल दिवा.

पहिल्यांदा ते किंचाळलं, तेव्हा काका सोफ्यावर धपकन बसले होते. लेक ऑफिसातली बैठक टाकून धावत आली. दुसऱ्यांदा काका सोफ्याखालची चप्पल शोधायला वाकले आणि बटण फरशीवर आपटलं. लेक पुन्हा धावत आली. या वेळी चपलेसारखाच तिचा धीरही हरवला होता.

"बस्स झालं, बाबा! तिसऱ्यांदा वाजलं की तुम्ही दोघं माझ्याकडे. कायमचे!"

"अगं, पण मी पडलो कुठे?"

"यंत्र म्हणतंय पडलात. यंत्र खोटं बोलत नाही."

आता या वाक्यावर मापकाका काय बोलणार? हेच वाक्य त्यांनी चाळीस वर्षं दुकानदारांना ऐकवलं होतं.

"आणि रविवारी चार वाजता मी घर बघायला येणार आहे," लेक दारातून म्हणाली. "पलंगाखाली वाकून तरी बघता का कोणी? या वयात दोघांना झेपतं की नाही, मला बघायचंय."

लेकीकडे रिकामी खोली एकच, व्यायामाच्या सायकलची. सायकल कोणी चालवत नाही. तिच्यावर टॉवेल वाळतात. काकूंनी तिथे आठवडाभर राहून बघितलं होतं. तिकडे भांडी यंत्र घासतं, झाडू यंत्र मारतं आणि काकूंना दिवसभर म्हणतात, "आई, तू बस." बसून बसून काकूंचे गुडघे धरले होते.

"मला माझ्या घरात मरू द्या," काकू म्हणाल्या.

"मरायचं नाव काढू नकोस," काका म्हणाले. "आडवं झालं की वाजतं ते."

तर पेच असा. पलंगाखाली झाडायचं तर आडवं व्हायला हवं. आडवं झालं की तिसरा इशारा. यंत्र काढून ठेवावं तर अर्ध्या तासाने तिसरा इशारा. म्हणजे यंत्र गळ्यात नको, पण हलत तर राहायला हवं!

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मापकाकांनी भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की काकूंनी दूध उतू गेलं का म्हणून आधी गॅस बघितला.

"दोन मिनिटांचं काम आहे!" काका खुर्चीवर चढत म्हणाले. "हे यंत्र लंबकाला बांधतो. एकदा इकडे, एकदा तिकडे, झालं एक पाऊल! मिनिटाला साठ. माणूस थकेल, लंबक थकत नाही."

"घड्याळ बिघडेल."

"शाळेत काय शिकलीस? लंबकाला वजनाशी काही देणंघेणं नसतं. लांबीशी असतं!"

आणि हे सांगता सांगता त्यांनी ते यंत्र लंबकाच्या खाली, चार बोटं दोरी सोडून टांगलं. म्हणजे लांबी वाढवली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मापात खोट काढणाऱ्या माणसाला ही चार बोटं दिसली नाहीत, ती नाहीतच!

दुपारी बाराला लेकीचा फोन. "बाबा, दहा हजार पावलं!"

"मग काय, बसून राहायचं?" सोफ्यावर पाय पसरून बसलेले काका म्हणाले.

रात्री नऊला पुन्हा फोन. "बेचाळीस हजार! बाबा, तुम्ही जेवायलासुद्धा थांबला नाहीत?"

"जेवण बसून करावं असं कुठे लिहिलंय?"

काकूंनी भाजीचा डाव जरा जोरात आपटला.

रात्री यंत्र उतरवून चार्जिंगला लावलं, शनिवारी सकाळी सातला पुन्हा टांगलं. यश मिळालं की माणूस पद्धत बदलत नाही. शिवाय पलंगाखाली कोण घाईने शिरतंय? रविवार दुपार होती की!

आता खरं तर काकांनी शुक्रवारीच पलंगाखाली शिरून, झाडून, यंत्र परत गळ्यात घालून मोकळं व्हायचं. पण गळा मोकळा झाल्यावर माणसाला काय काय सुचतं! काका दोन दिवस मनसोक्त धपकन बसले. तीनदा चप्पल शोधली, त्यात एकदा हरवलेली नसताना!

शनिवारी अकराच्या सुमारास घड्याळ बोललं.

"काका, पाणी प्यालात का?"

काका ताडकन उभे राहिले. कंपनीतली मुलगी! यंत्र लंबकावर, लंबक काचेच्या दाराआड. त्यांनी दार उघडलं आणि तोंड घड्याळात घातलं. लंबक डावीकडे गेला की काका डावीकडे, उजवीकडे गेला की काका उजवीकडे.

"प्या… लो," काका म्हणाले. "आत्ता… च."

"काका, तुम्हाला धाप लागलीये!"

"नाही… लाग… ली!"

"जरा थांबा ना."

"थांबता… येत नाही!"

"घड्याळाशी काय भांडताय?" काकू पीठ मळता मळता स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"काका, घरात अजून कोणी आहे का? तुमची चाल इतकी नियमित आहे, की आमच्या साहेबांनी ती सगळ्यांना दाखवली. मिनिटाला एकोणसाठ! एक पाऊल इकडचं तिकडे नाही!"

"एकोणसाठ?" काकांचा डावीकडे जाणारा चेहरा मध्येच थांबला. "साठ असणार!"

"एकोणसाठ, काका."

"तुमचं यंत्र तपासून घ्या!"

संध्याकाळी काकू मोबाइल घेऊन आल्या. "अहो, घड्याळ पंचवीस मिनिटं मागे आहे."

"मोबाइल पुढे गेला असेल."

"मोबाइल कसा पुढे जाईल?"

"त्याला काय धरबंध! तो कुठल्या तरी मनोऱ्यावरून वेळ उसनी आणतो. हे घड्याळ नियमावर चालतं!"

काकूंनी मोबाइल पदराला पुसला आणि आत नेऊन ठेवला. नियमाशी त्यांनी वाद घालणं केव्हाच सोडलं होतं. नियम थकला की त्या आपलं करायच्या.

रविवारी घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली, तेव्हा काका पलंगाखाली शिरले. हातात घडी घातलेलं फडकं. पाठीवर झोपून.

"पाठीवर का?" काकू.

"धूळ जमिनीवर असते असं अडाणी लोक समजतात. धूळ वर असते, स्प्रिंगांच्या जाळीत! तिथून ती खाली येते. रोग मुळाशी—"

इथे एक बारीक 'टिंग' झालं.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग बोलायचे का थांबलात?"

"नाडी," काका म्हणाले. "स्प्रिंगमध्ये अडकली."

पलंग लोखंडी, लग्नातला. काकूंनी वाकून काकांचा पाय धरून ओढला. काका आले, पायजमा आला नाही.

"सोड, सोड! आत ढकल!"

"पायजमा ठेवा तिथे आणि या बाहेर. कोण बघतंय?"

"लेक येईल!"

"आलीच समजा. मोबाइलवर चार वाजायला आलेत."

"घड्याळात सव्वातीन झालेत! पाऊण तास आहे. कात्री आण!"

कात्री शिलाईच्या डब्यात, डबा कपाटावर, आणि कपाटावर चढायला लागणारी खुर्ची शुक्रवारपासून घड्याळाखाली. काकूंनी बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्ची उचलली आणि दाराची घंटा वाजली.

लेक दारात. हातात मोबाइल, तोंडभर हसू.

"आई! बाबा कुठेत?"

"फिरायला गेलेत," काकू म्हणाल्या. सत्तेचाळीस वर्षांत त्यांना खोटं बोलण्याची वेळ फार आली नव्हती. त्यामुळे सराव नव्हता.

"फिरायला? पण हे म्हणतंय घरात आहेत. आत्ता चालताहेत! हे बघ!" लेकीने स्वयंपाकघरात पाहिलं, बाथरूमचं दार ढकललं, गॅलरीत डोकावली. "बाबा? आई, बाबा या खोलीतच चालताहेत असं दाखवतंय. मला दिसत का नाहीयेत?"

तिचं हसू गेलं होतं. तिने कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"ताई, काका चालताहेतच," मुलगी म्हणाली. "अगदी छान. आकडा थोडा मागेपुढे असेल. दहा टक्के चूक आम्ही धरतोच."

"दहा टक्के?"

हा आवाज फोनमधला नव्हता. तो आतल्या खोलीतून, जमिनीच्या पातळीवरून आला होता.

"दहा टक्के चूक? एवढ्यावर मी दुकानाला सील ठोकलं असतं! परवाना दाखवा तुमचा!"

लेक आत गेली. पलंगाखालून दोन पाय बाहेर आले होते, आडवे, स्वस्थ. तिने पायांकडे पाहिलं. मोबाइलकडे पाहिलं. पाय आडवे होते आणि मिनिटाला एकोणसाठ पावलं चालत होते!

मग तिला बाहेरून टकटक ऐकू आली.

घड्याळाचं दार उघडून ती बराच वेळ नुसती बघत राहिली. बाप इकडे, बाप तिकडे. बाप इकडे, बाप तिकडे.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही चाळीस वर्षं दुसऱ्यांची लबाडी पकडलीत!"

"म्हणून तर त्यांना ती येते," काकू म्हणाल्या.

"ही थट्टा नाहीये, आई! ते खरंच पडले असते तर? मी तिकडे पावलं मोजत खूश होऊन बसले असते!" तिचा आवाज चिरकला. शुक्रवारपासून तिने ऑफिसातल्या प्रत्येकाला बापाची पावलं दाखवली होती, हे ती बोलली नाही, पण कळत होतं. "सामान बांधा. आजच."

काकूंनी खुर्ची खाली ठेवली. "किती वेळा वाजलंय?"

"काय?"

"ते बटण. किती वेळा?"

"दोनदा. पण—"

"तीनदा ठरलं होतं."

"आई, हे काय कोर्ट आहे?" लेकीने दोरी सोडवून यंत्र काढलं आणि आईच्या नाकासमोर हलवलं. "हे बघ! हे असं फसवून—"

आणि यंत्र तिच्या हातून सुटलं. फरशीवर आपटलं. किंचाळलं!

"काका, पडलात का?"

यंत्र फरशीवर गोल गोल फिरत राहिलं.

"काका?"

"मी पलंगाखाली आहे!" काका आतून ओरडले. "मी कसा पडेन? पडायला जागा कुठे आहे!"

"मग कोण पडलं? ताई, हा तिसरा इशारा आहे. नोंद करू?"

काकू लेकीकडे बघत होत्या. लेकीला लहानपणापासून तेच सगळ्यात अवघड जायचं.

"नको," लेक म्हणाली. "माझ्या हातून पडलं."

नाडी कापली. काका एका हाताने पायजमा आणि दुसऱ्या हाताने अब्रू सावरत बाहेर आले. लेक अजून फणफणत होती. ती गुडघ्यांवर बसली, पलंगाखाली हात घातला, पार भिंतीपर्यंत फरशीवर बोट फिरवलं आणि उजेडात आणून पाहिलं.

बोट स्वच्छ होतं.

तिने दुसरं बोट फिरवलं. तेही!

"बाबा," तिचा आवाज उतरला, "हे तुम्ही केलंत? या वयात? खाली आडवं होऊन?"

काकूंनी काकांच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. त्याची घडी अजून मोडलेली नव्हती. काकांनी ते पाठीमागे नेलं.

"मग काय!" काका म्हणाले. "माझ्या घरात धूळ? वजन करायला घेतलीस तर काटा हलणार नाही!"

लेक खाली बसूनच हसली. खूप वेळाने. "माझ्या घरी तर यंत्रालासुद्धा असं जमत नाही," ती म्हणाली. "ठीक आहे. राहा इथेच. पण यंत्र गळ्यात. घड्याळाच्या नाही, तुमच्या!"

"आणि झाडणं त्यांच्याचकडे," काकू म्हणाल्या. "इतकं छान करतात. पलंगाखालचं, सोफ्याखालचं, कपाटामागचं. मी मध्ये येत नाही."

"दर आठवड्याला?" लेकीने कौतुकाने विचारलं.

काकांनी एकदा काकूंकडे आणि एकदा दाराकडे पाहिलं. दोन्हीकडून सुटका नव्हती.

"दर आठवड्याला," ते म्हणाले.

यंत्र टांगलं त्याच्या आदल्याच दिवशी, गुरुवारी सकाळी, काका दाढी करत असताना काकूंनी पलंगाखालून झाडू फिरवून ओल्या फडक्याने पुसून घेतलं होतं.