कळलावी, मुंगूस आणि श्यामसुंदर

"हे भाषण होऊ दे, मला कायम करतात की नाही बघच!" श्यामसुंदर बायकोला म्हणाला.

वारज्याच्या त्या कॉलेजात तो लग्नाआधीपासून तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवत होता. म्हणजे सुट्टी लागली की सर उपाशी! संस्थापक आप्पासाहेबांनी गावकऱ्यांच्या जमिनी 'शिक्षणासाठी' घेतल्या. एका तुकड्यावर कॉलेज बांधलं, बाकीच्यांवर फ्लॅट! आता त्यांच्या साठीचा सत्कार, आणि त्यात श्यामसुंदरचं भाषण. सगळे त्यांना वाघ म्हणणार. श्यामसुंदरला मात्र ताजी उपमा हवी होती. शिक्षण माणसाला असं मारतं!

"आमच्या तुळजावहिनी म्हणजे डोंगरउतारावरची कळलावी!" त्याने सुरुवात केली.

मांडवात मागे कुणीतरी खिदळलं.

"काय म्हन्ला रं?"

"आप्पाच्या बायकूला कळलावी म्हन्ला!"

तुळजाबाईंच्या हातातला गुच्छ भाल्यासारखा उभा राहिला.

"भांडणं लावणारी नव्हे हो!" श्यामसुंदर घामाघूम. "रानफूल! लाल-पिवळं, ज्वाळेसारखं! आधार दिसला की पानांच्या टोकांनी धरून वर चढतं!"

"आन् इख बी असतं तिच्यात!"

मांडव फुटला. हसू म्हणजे दाद, असं समजणाऱ्या प्राण्याला आपल्याकडे वक्ता म्हणतात. श्यामसुंदर चेकाळला.

"आणि आप्पासाहेब म्हणजे मुंगूस! चपळ, निडर! कळलावी एका जागी रुजते, मुंगूस फिरून पोट भरतं. बीळ खणायच्या भानगडीत फारसं पडत नाही. दुसऱ्याचं तयार दिसलं की शिरतं. मूळ मालक आपोआप बाहेर!"

अख्खा मांडव उभा राहून टाळ्या पिटू लागला. जमीन गेलेल्या दत्तोबांनी तर शिट्टी मारली. "वन्स मोअर!" आरोळी आली. आणि या शहाण्याने तो दिला!

दुसऱ्याच दिवशी त्याची जागा भरली. कायम! आप्पासाहेबांचा भाचा संपत. त्याला झेंडू-शेवंतीतला फरक कळत नव्हता, पण तो मामाला वाघ म्हणाला होता. टाळ्या पिटणाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. दत्तोबा तर कॉलेजच्याच गेटवर वॉचमन. श्यामसुंदरला आत सोडायचं नाही, हा हुकूम त्यांनीच बजावला.

"सर, आमचं बी पोट हाय," म्हणाले.

घरी बायकोने, श्यामलाने, विचारलं, "अहो, सरळ वाघ म्हणायला काय झालं होतं?"

"वाघ स्वतःची शिकार स्वतः करतो गं!"

"अगदी खरं," ती म्हणाली. "मग आज जेवायला हे खरं बोलणंच शिजवू?"