शिकाऱ्याला ना हरकत

गेममध्ये घरं नऊ होती, दारं तेरा, लपायच्या जागा सतरा, विहीर एक आणि शिकारी एक. तेराही दारं करकरत. शिकाऱ्याकडे दुनळी बंदूक एक, काडतुसं अमर्याद आणि डोळा एक. दुसरा डोळा कसा गेला, याचा खुलासा गेममध्ये कुठंही नव्हता. खेळाडूने दहा मिनिटं लपून राहायचं, एवढाच खेळ. मात्र खेळताना फोनचा माईक चालू असे. त्यामुळे खेळाडू खोकला, शिंकला किंवा नुसता ‘आई गं’ म्हणाला तरी ते शिकाऱ्याला ऐकू जाई आणि तो बूट वाजवत त्या दिशेने निघे.

हा गेम अक्षराने एकटीने, दोन वर्षं खपून तयार केला होता. ती भौतिकशास्त्राची पदवीधर होती आणि बेंबळीहून सात किलोमीटरवरच्या चिंचखांब या गावात राहत होती. गेममधलं गावही चिंचखांबच होतं, कारण तिला अंदाजे काही करायला आवडत नसे आणि चिंचखांबची मापं टेप लावून घेता येत होती. पहिल्या चाचणीला तिने गावातले चाळीस जण बसवले. चौतीस जण पकडले गेले. खेळण्याआधी त्यांची नाडी सरासरी अठ्ठ्याहत्तर होती, खेळताना एकशे एकवीस झाली. हे आकडे तिने वहीत लिहून ठेवले. मोजली नाही तर भीती वाटली असं म्हणता येत नाही, असं तिचं मत होतं.

जिल्हा नवउपक्रम कक्षाची स्पर्धा महिनाभरावर आली होती. भयपट-खेळ विभागात पहिला येईल त्याला पुण्याला राज्य फेरीत पाठवणार होते आणि तिथल्या एका गेम कंपनीत वर्षभर काम मिळणार होतं. अक्षराचे वडील तात्या निवृत्त शिक्षक होते. त्यांनी पर्याय स्पष्ट मांडले होते.

“निवड झाली तर पुण्याला जा. नाही झाली, तर येरमाळ्याच्या शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा आहे, ती धर. दोन वर्षं झाली, तुझा शिकारी माझ्या घरात राहतोय. इतकं तर जावयाला पण कुणी ठेवून घेत नाही.”

अर्ज सोळा पानी होता. चौदाव्या रकान्यात लिहिलं होतं : प्रकल्पात ज्या गावाचे चित्रण असेल, त्या ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला जोडावा.

ग्रामसभेला एकसष्ट जण हजर होते. सरपंच द्वारकाबाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या वतीने बोलण्यासाठी त्यांचे यजमान हिंमतराव शेजारच्या जास्त मोठ्या खुर्चीवर बसले होते. अक्षराने भिंतीवर गेम दाखवला. धुक्यातून एक डोळा चमकला. हिंमतरावांनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

“कुणापैकी हाय ह्यो?”

“कुणापैकी नाही, काका. तो शिकारी आहे.”

“त्ये दिसतंय की. पर कुणाचा कोण? आडनाव काय? माणूस म्हटल्यावर कुणाचा तरी असंल ना?”

“त्याचा भूतकाळ गूढ आहे.”

“गूढ म्हंजी बाहेरगावचा,” ग्रामसेवक उत्तरेश्वर भाऊसाहेब लिहिता लिहिता म्हणाले.

“मग भूमकडचा करा,” मागून कुणीतरी सुचवलं. “चालतोय पण तसाच.”

त्या सभेत द्वारकाबाई पहिल्यांदा आणि शेवटचं बोलल्या. “भूम माझं माहेर हाय.”

सूचना एकमताने मागे घेण्यात आली. येरमाळ्याचं नाव निघालं, पण तिथं देवीचं ठाणं असल्यामुळे ते उच्चारणाऱ्यानेच कान पकडले. शिकाऱ्याला बेघर दाखवावं, तर त्याला घरकुल द्यावं लागलं असतं, आणि अकरा वर्षं थांबलेल्या लोकांच्या पुढे एका खुन्याला घरकुल देणं भाऊसाहेबांना नियमात बसवता येईना. तेव्हा त्याला चिंचखांबचाच कायम रहिवासी, पक्कं घर असलेला, असं धरण्यात आलं. अक्षराला यात काही वावगं वाटलं नाही. रहिवासी झाल्यावर माणसाला नियम लागू होतात, हे तिच्या लक्षात यायला चार मिनिटं लागली.

“बंदूक जमा करा,” हिंमतराव म्हणाले.

“काय?”

“झेडपीची आचारसंहिता चालू हाय. माझी सोताची दुनळी ठाण्यात पडलीय आन् ह्यो गावातनं घेऊन फिरणार? माझ्यापेक्षा मोठा लागून गेला का?”

“काका, गेममध्ये निवडणूक नाही.”

“गावात हाय ना? आचारसंहिता काय गेम बघून लागती व्हय?”

बंदूक जमा झाली. मग गेममध्ये कायम अंधार का, असा प्रश्न निघाला. हिंमतरावांच्या, म्हणजे द्वारकाबाईंच्या, कारकिर्दीत गावात बावीस विजेचे खांब बसले होते. ते दिसत नसतील तर ही विरोधी गटाची बदनामी समजावी लागेल. त्यांवरचे दिवे लागतात का, हे कुणी विचारलं नाही. दिवे दाखवण्याचा धोका टाळण्यासाठी गेमची वेळ दुपारी बारा करावी, यावर सगळ्यांचं जुळलं.

शेवटी बचत गटाच्या मथुराबाई उभ्या राहिल्या. वय सत्तर, आवाज मात्र लाउडस्पीकर नको म्हणणारा.

“मेला बुटं घालून माजघरात शिरतोय. चुलीपाशी जातोय. काय रीतभात हाय का न्हाय? दारात बुटं काढू द्या त्याला. आन् आत शिरायच्या आधी हाक मारायची. घरात बायामाणसं असत्यात.”

“आजी, हाक मारली तर लपलेल्याला कळेल ना तो आला ते!”

“मग कळू दी की. चोरावानी कशापायी यायचं?”

ना हरकत दाखल्यावर शिक्का हवा होता. अक्षराने पंधरा दिवस बसून सगळे बदल केले. शिकारी आता भर दुपारी, निःशस्त्र, प्रत्येक दाराशी बूट काढून आत जाऊ लागला. बूट काढायला त्याला चौदा सेकंद लागत, कारण नाड्या होत्या. मग उंबऱ्यापाशी उभा राहून तो खोल, घोगऱ्या आवाजात विचारी, “हाय का कोण घरात?”

तिच्या हिशेबाने आता कुणीही पकडलं जाणं शक्य नव्हतं. दुसऱ्या चाचणीला तिने तेच चाळीस जण बसवले. मथुराबाई गेममधल्या कणगीत लपल्या होत्या. शिकारी आला, बूट काढले, हाक मारली.

“न्हाय कुणी!” मथुराबाई कणगीतून ओरडल्या. “मालक रानात गेल्यात! सांजच्याला या!”

शिकारी कणगीकडे वळला.

छत्तीस जण पकडले गेले. एकतीस जणांनी ‘न्हाय कुणी’ असं उत्तर दिलं, चौघांनी ‘कोण हाय?’ असा उलट प्रश्न केला आणि एकाने ‘आलो, आलो, बसा तुमी’ म्हणत स्वतः कडी काढली. वाचलेल्या चौघांपैकी दोघांचे माईक बिघडले होते, एकाला झोप लागली होती आणि एकाच्या तोंडात तंबाखू होती. अक्षराने तोच प्रयोग पुन्हा केला. आधी सगळ्यांना बजावलं, की उत्तर द्यायचं नाही.

“दारात माणूस हाक मारतोय आन् गप बसायचं?” मथुराबाईंनी विचारलं. “आमाला न्हाय जमायचं, बाई. मेलो तरी चालंल.”

यावेळी सदतीस पकडले गेले. तंबाखू संपली होती.

अडचण निराळीच होती. नाडी अठ्ठ्याहत्तरची एकोणऐंशी झाली होती. लोक मरत होते, पण घाबरत नव्हते. आणि अर्जात गुणांचा एकच निकष होता : भय. ती वही घेऊन भाऊसाहेबांकडे गेली. शिक्क्याचं काम अजून बाकीच होतं.

“ताई, तुमच्या माणसात एकच कमी हाय,” भाऊसाहेब म्हणाले. “मोकळ्या हातानं फिरतोय. बिनकामाचा माणूस घरोघर फिरला की लोक संशय घेत्यात. त्याच्या हातात रजिस्टर द्या. गळ्यात ओळखपत्र अडकवा.”

“आणि त्याने म्हणायचं काय?”

“‘यादी करायची हाय.’ बास. आन् मधीच कुणाला मारू नका, काम खोळंबतं. आधी सगळ्यांची नावं होऊ द्या, मग काय त्ये.”

ही सूचना अमलात आणून अक्षराने तिसरी चाचणी घेतली. चाळीसही जण आपापल्या फोनवर, पण एकाच गेममध्ये. नाव लिहिलं गेलं की फोन लाल व्हावा, वरून रक्ताचा ओघळ यावा आणि ‘तुमचं नाव यादीत आलं आहे’ अशी अक्षरं उमटावीत, अशी तिने सोय केली. भीती वाटण्यासाठी.

शिकारी वेशीतून आत आला. त्याने अजून एकही बूट काढला नव्हता. “यादी करायची हाय,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

कणगीतून, पोटमाळ्यावरून, कडब्याच्या गंजीतून माणसं बाहेर आली. सरासरी वेळ बावन्न सेकंद. विहिरीत लपलेला एक जण स्वतः दोर मागत वर आला. शिकाऱ्याभोवती गर्दी झाली, गर्दीची रांग झाली आणि रांगेत भांडण झालं.

“साहेब, मी आधी आलतो, ह्या मागनं घुसल्या!”

“माझ्या नातवाचं बी लिवा,” मथुराबाई म्हणाल्या. “त्यो सुरतेला असतोय, पर कागदं हितलीच हायत.”

“साहेबाचा एक डोळा गेलाय वाटतं. उन्हातान्हात फिरवत्यात बिचाऱ्याला. चहा टाका की कुणीतरी!”

हिंमतरावांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग वळसा घालून येऊन द्वारकाबाईंचं. फोन लाल झाला, रक्त ओघळलं. त्यांनी त्याचा फोटो काढून ठेवला आणि अक्षराला बाजूला घेतलं.

“पावती चांगली हाय. पर ह्याच्यावर शिक्का न्हाय.”

तिने शिक्का घातला.

नाड्या मोजताना तिला वहीची पानं पुरली नाहीत. नाव लिहून झालेल्यांची नाडी शहात्तर होती. रांगेत मागे राहिलेल्यांची एकशे चोवीस. शेवटच्या तिघांपाशी शिकारी पोचायच्या आत त्यांच्या फोनच्या बॅटऱ्या उतरल्या, तेव्हा त्यांची एकशे एकेचाळीस भरली आणि एकाला बाकड्यावर निजवून कांदा हुंगवावा लागला. बंदुकीने एवढी वाढ कधी केली नव्हती. भाऊसाहेबांनी त्याच दिवशी ना हरकत दाखल्यावर शिक्का मारला आणि आपल्या मेहुण्याचं नाव राहिलंय, ते मागाहून घालता येईल का, असं विचारलं.

जिल्हा नवउपक्रम कक्षाची परीक्षण समिती तीन जणांची होती. कक्षप्रमुख रणधीरसाहेब मधोमध बसले. दोन सदस्यांची नावं शिकाऱ्याने लगेच लिहिली. तिसऱ्याच्या वेळी नेटवर्क गेलं. तो सदस्य निवृत्त प्राचार्य होता. तो खुर्चीवरून उठला, “माझं काय? माझं काय?” असं ओरडत फोन खिडकीबाहेर धरून उभा राहिला, आणि नेटवर्क येईपर्यंत कुणाचं ऐकेना. भयाला दहापैकी दहा गुण मिळाले. अक्षराची पुण्यासाठी निवड झाली.

निकालानंतर रणधीरसाहेबांनी तिला आत बोलावलं.

“मॅडम, हे नुसतं खेळण्यापुरतं ठेवू नका. आपण जिल्हाभर राबवू. फक्त ‘गेम’ हा शब्द काढा.”

अक्षरा प्रामाणिक होती. “साहेब, एक सांगायचं राहिलं. मुळातला नियम मी काढलेला नाही. तो शेवटी मारतो. यादीतल्या सगळ्यांना.”

रणधीरसाहेब गंभीर झाले. “कधी?”

“यादी पूर्ण झाली की.”

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि घंटी वाजवून चहा मागवला. “घाबरवलं की तुम्ही. यादी कधी पूर्ण होत असते का?”

तात्यांनी स्वतः तिची बॅग भरली आणि बेंबळीपर्यंत मोटारसायकलवर सोडलं. एसटीची वाट पाहताना त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“हे आपल्या घरातल्यांचं. आधार नंबरासकट लिहिलंय. तुझा शिकारी आहे, म्हणून काही आपल्याला आपोआप घेईल असं नाही ना?”

“तात्या, तुम्ही खेळून पाहिलंय. तो मारतो.”

“ते बघू पुढचं पुढे. सगळ्या गावाची नावं गेली आणि आपलीच राहिली, तर लोक काय म्हणतील?”

पुण्यातल्या राज्य फेरीत प्रदर्शन तीन दिवस चाललं. स्टॉलवर तिने फलक लावला होता : हा भयपट-खेळ आहे. शिकाऱ्यापासून लपा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टॉल आवरण्यापूर्वी तिने वहीत नोंद केली.

खेळाडू सहाशे बारा. त्यांपैकी पदवीधर पाचशे सत्तेचाळीस. फलक वाचून लपलेले सहाशे बारा. हाक ऐकून स्वतःहून बाहेर आलेले सहाशे बारा. बाहेर यायला लागलेला सरासरी वेळ एकतीस सेकंद. नाव लिहून झाल्यावर पुन्हा येऊन ते नीट लिहिलंय का याची खात्री केलेले चारशे तीन. ही यादी कशाची आहे, असं विचारणारे शून्य.