राहायला आलेले पाहुणे

कुंदाताई कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढायच्या आधी "गॅलरी कुठंय?" असं विचारतात. आमच्याच इमारतीतल्या, म्हणून माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं, गळतीची तक्रार असणार. पण त्या तडक माझ्या एकुलत्या एका कुंडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

ती कुंडी म्हणजे माझा अभिमान. माझ्या हातून तुळस गेलेली, कोरफड गेलेली, निवडुंगानेसुद्धा मान टाकलेली. फक्त ही पिवळ्या फुलांची वेल कठड्यावरून थेट मागच्या बागेत उतरली होती. मी नौपाडाभर सांगत फिरायचो, आपला हात झाडांना आता लागू पडतोय.

"सिंगापूर डेझी," कुंदाताई म्हणाल्या. "जरा खाली बघा."

खाली बागेचा अख्खा उतार पिवळा झाला होता.

"हा पाहुणा नाही हो, हा राहायला आलाय! याच्याखाली दुसरं काही उगवत नाही."

"पण फुलं छान आहेत ना..."

"छान आहेत म्हणूनच तर तुम्ही आणलंत!"

थोडक्यात, माझ्या हातून जे मेलं नाही ते कुणाच्याच हातून मरत नसतं.

कुंदाताई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. एकट्याच राहतात. लोकांच्या गॅलरीतून निसटून बागेत पसरणारी झाडं शोधायची आणि उपटायची, हा त्यांचा रविवार सकाळचा कार्यक्रम. त्यात शिक्षा म्हणून मी भरती झालो. पहिल्याच दिवशी मी घाम गाळून एक अख्खा वाफा साफ केला.

"अहो साहेब, कालच लावलेली अबोली ती!" माळी ओरडला.

"नवीन आहेत ते," कुंदाताई त्याला म्हणाल्या आणि माझ्या हातातलं खुरपं काढून पोतं दिलं. "हे धरा. तोंड उघडं ठेवा. पोत्याचं."

चुका त्यांच्याही होतात. एकदा टेंभी नाक्यावर रिक्षा थांबवून त्या एका माणसावर कडाडल्या, "ती जलपर्णी तलावात सोडू नका हां!" तो बिचारा म्हणाला, "ताई, पालक आहे." मी रिक्षात मान खाली घालून बसलेलो.

गेल्या रविवारी मात्र पहिला शोध माझा होता. बागेच्या टोकाला, तळमजल्याच्या एका खिडकीवरून गुलाबी फुलांची वेल कुंपणावर चढली होती.

"कुंदाताई, पाहुणा! राहायला आलाय!"

"हळू बोला."

खिडकीशी खाटेवर एक आजी पडून होत्या. त्यांनी हात हलवला. कुंदाताईंनी खुरप्यासकट हात वर केला. मग खाली बसून बागेत आलेले कोंब मुळासकट काढले. खिडकीवरच्या वेलीला बोट लावलं नाही.

"आणि ती?" मी विचारलं.

"राहू दे. त्यांना उठता येत नाही. मुलगा कळव्याला कामाला जातो. दिवसभर समोर एवढंच असतं." मग माती झटकत म्हणाल्या, "माझ्या आईच्या खाटेसमोर भिंत होती."

मी उपटलेले कोंब पोत्यात भरले.

"माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. काही दिवस वाकता यायचं नाही," त्या म्हणाल्या आणि खुरपं माझ्यापुढे धरलं. "हा कोपरा तुम्ही बघा. कुंपणाच्या अलीकडचं तेवढं काढायचं."

"मी? मला जमेल?"

"एखाद्या वेळी काढायचं राहिलं तर राहू दे. पण त्या खिडकीतून वाट बघत असतात. हात मात्र करा."