दोन्ही बाह्या डाव्या

सकाळी दुकान उघडून शिंपीमास्तरांनी टेबलाकडे पाहिलं आणि ते चपापले. ग्रंथपालांच्या कोटाचं कापड कापून ठेवलेलं होतं. खडूच्या रेघा त्यांच्याच हातच्या, कात्रीही त्यांचीच. कापल्याचं मात्र काडीचंही आठवत नव्हतं. आणि दोन्ही बाह्या डाव्या होत्या!

भाऊ गेल्यापासून मास्तरांनी वर्षभर मशीनला हात लावला नव्हता. कशातच मन लागेना. शेवटी बायकोने ओढत डॉक्टरांकडे नेलं, मनाच्या आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस हळूहळू रुळावर आला. हा कोट म्हणजे त्यांचं पहिलंच काम. ग्रंथपालांचा निरोप समारंभ दोन दिवसांवर आला होता. काल दुपारी मास्तर मापं घ्यायला त्यांच्या घरी गेले, तिथे आग्रहाखातर दोन ग्लास बिअर झाली, आणि घात झाला.

"डॉक्टर घसा फोडून सांगत होते," बायको म्हणाली, "या गोळ्यांवर दारू घेतली की भानही जातं आणि आठवणही. बिअर म्हणजे काय सरबत वाटलं?"

"त्यांचं मन मोडवेना गं."

"मग आता जा, आणि खरं काय ते सांगून या."

मास्तर बाह्या पिशवीत घालून निघाले. वाटेत दहा थापा रचून पाहिल्या, एकही धड जमेना.

बाह्या पाहून ग्रंथपालांचा चेहरा उतरला. "मास्तर, हे... मीच सांगितलं होतं का काल?"

मास्तर थबकले. नुसतं 'हो' म्हटलं की सुटका होती, अब्रूही वाचत होती. पण तो घाबरलेला चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. सकाळी आरशात तोच पाहिला होता.

"नाही हो, चूक माझीच. मी मनाच्या आजाराच्या गोळ्या घेतो, त्यावर तुमची बिअर घेतली. कापड कधी कापलं तेही आठवत नाही."

ग्रंथपाल उठले आणि त्यांनी कपाटातून गोळ्यांची पट्टी काढली. हुबेहूब तीच. "निवृत्तीचा धसका घेतलाय मी. घरात कुणाला सांगितलं नाही. काल तुम्ही आलात, म्हणून मीही दोन ग्लास घेतले."

दोघंही हसत सुटले. कोटाबरोबर शिवायच्या पँटच्या कापडातून उजवी बाही सहज निघणार होती. पँट जुनी चालेल, असं ठरलं.

"आणखी एक," ग्रंथपालांनी पलंगाखालून खोकं ओढलं, "काल तुम्ही गेल्यावर मी बूट आणायला गेलो होतो."

खोक्यात दोन्ही बूट उजव्या पायाचे होते.

"चला ना बरोबर," ग्रंथपाल म्हणाले. "दुकानात खरं सांगायचा मला एकट्याला धीर होत नाही."